सोनं नेमकं कुठे आहे?

(नागपुरात धरमपेठेतल्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

मे महिन्यात भर उन्हाचं तुम्ही शाईच्या पेनाबद्दल ऐकायला आलात, याचा मला मनापासून आनंद आहे. कूलरचा आवाज मोठा आहे, त्यामुळे मागच्यांना ऐकू आलं नाही तर हात वर करा.

गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "सर, ती अर्धी सोन्याची, अर्धी स्टीलची हायब्रिड निब घ्यावी का?" पूर्ण सोन्याच्या निबेचं पेन बरंच महाग पडतं, स्टीलच्या निबेचं स्वस्तात मिळतं. मग मधल्या किमतीला कोणी "14 कॅरट हायब्रिड" म्हणून दिलं की माणूस थांबतो. मीही थांबलो होतो आणि घेतलंही. धातुशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून या निबेकडे मी त्याच डोळ्यांनी बघितलं. आज तेच सांगणार आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कागदाला निबेचं सोनं लागत नाही आणि स्टीलही लागत नाही. कागदावर फिरतो तो टोकावरचा बारीकसा मणी, आणि तो तिसऱ्याच धातूचा असतो. जुन्या पेनांत तो ऑस्मियम-इरिडियमचा असे. हे दोन्ही धातू स्मिथसन टेनंट यांनी 1803 मध्ये शोधले, आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी 1834 च्या सुमारास ते सोन्याच्या निबेला जोडले. आज त्या मण्यात रुथेनियम, टंगस्टन असे धातू येतात, नाव मात्र इरिडियमचंच चालतं. तेव्हा "सोन्याची निब कागदावर लोण्यासारखी फिरते" असं कोणी म्हणालं, तर तो मणी चांगला घासलेला आहे एवढाच त्याचा अर्थ. तसाच घासला तर स्टीलच्या निबेवरचा मणीही तसाच फिरतो.

मग निबेत सोनं आलं कशासाठी? शाईसाठी. मायफळ आणि हिराकस यांची जी जुनी काळी शाई, ती आम्लधर्मी. साधं पोलाद ती खाऊन टाकते. टाकाच्या निबा म्हणूनच गंजायच्या आणि फेकल्या जायच्या. त्या स्वस्त होत्या, कोणाला वाईट वाटत नसे. पण खिशातल्या पेनात निब रात्रंदिवस शाईत बुडालेली राहणार, तिथे न गंजणारा धातू हवा होता. सोनं गंजत नाही. शुद्ध सोनं फार मऊ, म्हणून त्यात तांबं-चांदी घालून 14 कॅरटचं करायचं, म्हणजे हजारात 585 भाग सोनं. निबेवर जो 585 चा आकडा दिसतो तो हाच.

पुढे 1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी स्टेनलेस स्टील केलं आणि सोन्याचं हे काम बरंचसं संपलं. पूर्ण संपलं नाही, त्याकडे मी येतोच.

सोन्याचं दुसरं काम लवचीकपणाचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हायब्रिडचा सगळा निकाल इथेच लागतो. पोलादाचा ताठपणा मोजायचा आकडा साधारण 200 गिगापास्कल, आणि 14 कॅरटचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे सारख्याच आकाराच्या, सारख्याच जाडीच्या दोन निबा घेतल्या तर सोन्याची तेवढ्याच दाबाला दुप्पट लवेल. हे खरंच आहे, नाकारायचं कारण नाही. पण पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनात बदलतो. जाडी 20 टक्क्यांनी कमी करा: 0.8 गुणिले 0.8 गुणिले 0.8, उत्तर 0.512. कडकपणा निम्म्यावर आला! धातू बदलून जे मिळवलं, ते पत्रा थोडा पातळ लाटूनही मिळतं. उलट, सोन्याच्या कित्येक निबा जाड पत्र्याच्या आणि खिळ्यासारख्या ताठ असतात. वाहणारी, लवणारी निब हवी असेल तर तिचा आकार आणि जाडी बघा, कॅरट नंतर.

आता निब लवते कुठे? निबेला मधोमध चीर असते, चिरेच्या शेवटी एक छोटं भोक असतं आणि त्या भोकाच्या दोन्ही बाजूंना निबेचे खांदे. फांदीच्या टोकाला लोंबकळा, ती टोकाशी वाकत नाही, खोडाजवळ वाकते. निबेचंही तसंच. दाब टोकावर पडतो आणि सगळा ताण खांद्यांवर येतो. म्हणून हायब्रिड विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: सोनं आणि स्टील यांचा सांधा भोकाच्या पुढे आहे की मागे?

सांधा पुढे असेल, म्हणजे चिरेने झालेल्या दोन पात्यांचा फक्त पुढचा भाग सोन्याचा, तर खांदे स्टीलचे. ती निब स्टीलसारखीच लवणार. सोनं दिसायला आहे, कामाला नाही. स्टीलच्या अंगावर मधोमध सोन्याचा तुकडा बसवलेला असेल तरी तेच. पण सांधा भोकाच्या बराच मागे असेल, म्हणजे खांदे आणि पाती सोन्याची आणि पेनाच्या गळ्यात, जिभेवर, म्हणजे निबेखालच्या शाई आणणाऱ्या भागावर, घट्ट बसणारी शेपटी तेवढी स्टीलची, तर त्यात अक्कल आहे. गळ्यात दडलेला भाग लवत नाही, तिथे सोनं घालणं म्हणजे सोनं वाया घालवणं. अशी निब मला तत्त्वतः मान्य आहे. माझी तशी नव्हती. विक्रेत्याच्या पानावर सांध्याचा फोटोच नव्हता, आणि मी विचारलं नाही. निब काढून भिंगाखाली धरली तेव्हा कळलं.

"दुरंगी" निब आणि हायब्रिड यांतही गल्लत होते. पूर्ण सोन्याच्या निबेवर काही भागाला रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा देतात, ती दुरंगी दिसते, पण आतून सगळी सोन्याची. आणि पूर्ण स्टीलच्या निबेवर काही भागाला सोन्याचा मुलामा देतात, तीही तशीच दिसते. एक ग्रॅमचे दागिने आपल्या घराघरांत आहेत, मुलाम्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. चुंबक लावून बघू म्हणाल, तर तेही भरवशाचं नाही. स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला धरतच नाहीत.

आता त्या राहिलेल्या गंजाकडे येतो. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि वर आम्लधर्मी शाई, म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात झिजतो तो सहज गंजणारा धातू, म्हणजे स्टील, आणि झिजतो तो सांध्यापाशी. स्टेनलेसच्या अंगावर जो अदृश्य थर असतो तो त्याला बराच काळ वाचवतो, पण सांधताना दिलेल्या उष्णतेने तिथलाच थर कमजोर होऊ शकतो. त्यात आपला उन्हाळा. पारा 45 च्या वर गेला की पेनातली शाई आटते आणि उरलेली शाई आणखी तीव्र होते. मागे एकदा मी माझं हायब्रिड पेन तीच मायफळ-हिराकसाची काळी शाई भरून एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलं आणि मुलाकडे पुण्याला गेलो. दोन महिन्यांनी आलो तर सांध्यावर तांबूस रेघ. सोन्याची बाजू लख्ख होती. ज्या एका कारणासाठी निब सोन्याची करायला लागले, तेच कारण सांध्याने हरवून टाकलं, याचं मला फार वाईट वाटलं. तुमच्याकडे हायब्रिड असेल तर तिच्यात साधी रंगाची शाई भरा, आणि गावाला जाण्याआधी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा.

कोणी म्हणेल, निदान सोन्याची किंमत तर राहील. ती निब घेऊन मी इतवारीत आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं, काट्यावर ठेवली आणि म्हणाले, "सर, मोडीत घालायचं म्हणाल तर हे स्टील वेगळं करण्यातच माझी मजुरी जाईल. ठेवा, लिहा याच्यानं." हिशेबही करून बघा. पूर्ण सोन्याची निबसुद्धा वजनाला अर्धा ते एक ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या ग्रॅमच्या निबेत 14 कॅरटने शुद्ध सोनं 0.29 ग्रॅम. हायब्रिडमध्ये त्याचाही एक भाग. आजच्या भावाने गुणून बघा आणि तुमच्याकडून जादा किती घेतले ते शेजारी मांडा.

मला सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट आपल्या लिपीची आहे. लवचीक निबेचं जे कौतुक आपण वाचतो ते रोमन लिपीतल्या तिरप्या, अक्षराला अक्षर जोडून केलेल्या लिखाणातून आलं आहे. तिथे खाली येताना दाब दिला की रेघ जाड होते, वर जाताना बारीक. देवनागरीत जाड-बारीक दाबाने येत नाही. ते टोकाच्या छाटातून येतं. बोरू ज्यांनी कापला असेल त्यांच्या हाताला हे ठाऊक आहे: रोमनच्या उलट बाजूला तिरका छाट दिला की शिरोरेषाही भरते, काना-दंडही भरतो आणि वळणं जागोजागी आपोआप बारीक होतात. लवणारी निब शिरोरेषेला काहीच देत नाही, कारण आडव्या ओढीत पाती फाकत नाहीत. मराठी लिहिणाऱ्याने लवचीकपणासाठी पैसे मोजावेत असं म्हणूनच मला वाटत नाही. त्याने छाटासाठी मोजावेत. चांगल्या स्टीलच्या रुंद निबेचा मणी जाणकाराकडून तसा घासून घ्या. माझ्या रोजच्या पेनात तीच आहे. ती आली त्या दिवसापासून मला माझा 'क' आवडायला लागला.

मग माझं उत्तर काय? सांधा भोकाच्या मागे आहे हे डोळ्यांनी दिसत असेल आणि किंमत स्टीलपेक्षा थोडीच जास्त असेल, तर हायब्रिड घ्या. एरवी घेऊ नका. सोन्याची ओढ मनात असेल तर ती ओढ खरी आहे, तिला कमी लेखू नका. दोन वर्षं पैसे साठवा आणि पूर्ण सोन्याची घ्या. वडिलांनी नोकरीला लागताना दिलेलं सोन्याच्या निबेचं पेन मी अजून वापरतो आणि त्याचा कुठलाही हिशेब मांडत नाही. पण अर्धं सोनं घेऊन ती ओढ भागत नाही. माझी तरी भागली नाही.

आता मी बोलणं थांबवतो. इथे टेबलावर चार पेनं ठेवली आहेत, चारही मध्यम टोकाची, चारांत एकच निळी शाई. निबांच्या पाठीवर कागदी पट्टी चिकटवली आहे, त्यामुळे रंग दिसणार नाही. एक पूर्ण सोन्याची आहे, दोन स्टीलच्या, एक माझी ती हायब्रिड. रांगेने या, प्रत्येकाने शिरोरेषेसकट आपलं पूर्ण नाव लिहा, आणि सोन्याची कोणती वाटते तो आकडा चिठ्ठीवर टाका. पट्ट्या शेवटी काढू.