पाच-शून्यात काय काय मावतं

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण. थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. दिवसभर कापूस वेचून रात्री नऊला बॉक्सिंगवरचं भाषण ऐकायला येणारं गाव मी तरी दुसरं पाहिलं नाही. अध्यक्षसाहेबांनी माझी ओळख 'मुष्टियुद्धाचे गाढे अभ्यासक' अशी करून दिली. तसं काही नाही. शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालो आणि आता टिनाच्या शेडमध्ये पोट्ट्यांना हात चालवायला शिकवतो. आमची पंचिंग बॅग म्हणजे चिंध्या भरून आड्याला टांगलेलं तुरीचं पोतं.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडची एक पोरगी स्पर्धेत हरली. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत्या. निकाल लागला पाच-शून्य. तिचे वडील एसटीनं आले होते, मागच्या रांगेत बसले होते, आणि लाउडस्पीकरवरून त्यांच्या कानावर तेवढेच दोन शब्द पडले. बाहेर चहाच्या टपरीजवळ मला हळूच विचारतात, "सर, पाच-शून्य म्हंजे आमच्या पोरीनं एकही बुक्की मारली नाई का जी?" पोरगी शेजारीच उभी होती, हाताची पट्टी सोडून तिची गुंडाळी करत. मान वर न करता म्हणाली, "बाबा, तिचं नाक पाहून या ना एकदा."

नाक खरंच सुजलं होतं. तरी निकाल बरोबर होता हेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मास्तर रडगाणं घेऊन आले.

घोटाळा त्या आकड्यात आहे. हे पाच म्हणजे ठोसे नव्हेत, पंच आहेत. (आपल्या भाषेनं इथे मजाच केली आहे, इंग्रजीतला ठोसाही पंच आणि तो मोजणाराही पंच.) रिंगभोवती पाच जण बसतात, प्रत्येकाचा कागद वेगळा. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९. आता पाचही जणांनी २९-२८ असा निकाल दिला, म्हणजे प्रत्येकाच्या मते हरणारीनंही तीनातली एक फेरी जिंकली, तरी बाहेर जाहीर काय होणार? पाच-शून्य. आमच्या पोरीच्या पाचांपैकी चार कागदांवर २९-२८ होतं. पेपरात मात्र 'धुव्वा उडाला' असं येतं. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडमधल्या युवा जागतिक स्पर्धेची फायनल ५-० नं जिंकली तेव्हा आपण सगळे नाचलो, मीही नाचलो. पण समोरच्या मुलीनं किती झुंज दिली, हे त्या आकड्यावरून कुणालाच कळायचं नाही.

पूर्वी हौशी बॉक्सिंगमध्ये निराळी पद्धत होती. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सनं फायनलमध्ये समोरच्याला धुतलं आणि तरी ३-२ नं हरवला गेला. इतका बोभाटा झाला की पुढच्या ऑलिम्पिकपासून पंचांच्या हातात बटणं आली. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तर एक गुण. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये आपला विजेंदर सिंग सेमीफायनल ५-८ नं हरला तो या पद्धतीत. तेव्हा आकडा निदान ठोशांचा तरी होता. पण बोटं ठोशाएवढी चपळ नसतात, आणि तेही सुटलं. २०१३ पासून दहाची पद्धत आली.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ही गंमत आणखी फुगते. मोठ्या लढतीला बारा फेऱ्या, तीन पंच. केसभर सरस असलात तरी १०-९, आणि तीन मिनिटं एकतर्फी चोपलंत तरी, समोरचा खाली पडला नाही तर बहुधा १०-९. समजा ग्रामपंचायतीच्या नऊ जागा आहेत आणि एका पॅनेलनं नवाच्या नऊ जागा आठ-आठ, दहा-दहा मतांनी मारल्या. गुलाल एकाच बाजूचा उधळतो. पण रात्री पारावर बसणाऱ्याला माहीत असतं की अर्धं गाव त्या गुलालात नाही. बाराही फेऱ्या एकालाच, म्हणजे १२०-१०८, हे कार्ड तसंच असतं.

लोक मला विचारतात, पंचांना कळत नाही का, की चार फेऱ्या अटीतटीच्या झाल्या तर दोन इकडे, दोन तिकडे द्याव्यात? नाही द्यायच्या. प्रत्येक फेरी एकटी तोलायची असते. फेरी संपली की कागद काढून घेतात, मागचं दुरुस्त करता येत नाही. तिघे तीन बाजूंना बसतात. एकाला ठोसा दिसतो, दुसऱ्याला त्याच क्षणी रेफरीची पाठ दिसते. १९८७ साली लास वेगासला हॅग्लर आणि लेनर्ड लढले. एका पंचानं लेनर्डला ११५-११३, दुसऱ्यानं हॅग्लरला ११५-११३, आणि तिसऱ्यानं लेनर्डला ११८-११०, म्हणजे बारातल्या दहा फेऱ्या! लढत एकच. भांडण अजून चालू आहे.

आता माझी सगळ्यात आवडती लढत. १७ मार्च १९९०, तेही लास वेगासच. मेक्सिकोचा हुलियो सेझार चावेझ आणि अमेरिकेचा मेल्ड्रिक टेलर, दोघेही तोवर अपराजित. टेलर १९८४ चा ऑलिम्पिक सुवर्णविजेता, हात असे की डोळ्यांना दिसू नयेत. अकरा फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या कागदांवर टेलर १०७-१०२ आणि १०८-१०१ असा पुढे. तिसऱ्याकडे चावेझ एका गुणानं पुढे होता, त्याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं.

पण लढत पाहा. टेलर म्हणजे श्रावणातली झड, सारखी चालू. चावेझ म्हणजे गारपीट. झडीत पाणी कितीतरी जास्त पडतं, गारपीट दहा मिनिटांची असते, पण हरभरा कशानं आडवा होतो ते तुम्ही मला सांगा. टेलर फेऱ्या जिंकत गेला आणि जिंकता जिंकता त्याचं तोंड सुजत गेलं, रक्त गिळत गेला. चेहऱ्याचं हाड मोडल्याचं पुढे कळलं. बाराव्या फेरीत नुसता उभा राहिला असता तरी जिंकला असता. वीसही सेकंद उरली नव्हती तेव्हा चावेझचा उजवा हात बसला आणि टेलर खाली गेला. दोराला धरून उठला. रेफरी रिचर्ड स्टीलनं विचारलं, ठीक आहेस का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. स्टीलनं लढत थांबवली तेव्हा घड्याळात दोन सेकंद बाकी होती.

पस्तीस वर्षं झाली, लोक स्टीलला शिव्या देतात. मी नाही देत. पोराच्या डोळ्यांत पाहायचं की घड्याळात, असं कुणी मला विचारलं तर मी घड्याळ पाहणार नाही.

सगळ्याच कागदांवर 'पंच वेगळ्या बाजूला बसला होता' असं पांघरूण घालता येत नाही, बरं का. २०१७ मध्ये गोलोव्हकिन आणि कानेलो लढले. एक पंच म्हणतो गोलोव्हकिन ११५-११३, दुसरा म्हणतो बरोबरी, आणि तिसऱ्या कागदावर कानेलो ११८-११०. मी ती लढत तीनदा पाहिली. कानेलोच्या दहा फेऱ्या मला सापडल्या नाहीत, कुणाला सापडल्या तर शेडवर या, चहा माझ्याकडून. तसंच २०२० मधल्या लोपेझ-लोमाचेन्को लढतीत एका पंचानं लोपेझला ११९-१०९ दिलं. पहिल्या सात फेऱ्या लोमाचेन्को पाहुण्यासारखा वावरला हे खरं, पण आठवीपासून त्यानं असा पाठलाग केला की त्याच्या पदरात एकच फेरी टाकणं मला कंजूषपणाचं वाटतं.

लाइट आहे तोवर शेवटचं. १ ऑक्टोबर १९७५, मनिला, अली आणि फ्रेझर यांची तिसरी गाठ. तेव्हा मोठ्या लढतीला पंधरा फेऱ्या असत, आणि तिथे पाच गुणांची पद्धत होती, फेरी जिंकणाऱ्याला दहाऐवजी पाच. चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही कागद अलीच्या बाजूला झुकलेले, ६६-६०, ६६-६२, ६७-६२. कागद वाचणाऱ्याला वाटेल अली मजेत होता. अली स्वतः पुढे म्हणाला की मरणाच्या इतक्या जवळ मी कधी गेलो नव्हतो. फ्रेझरचे डोळे मिटत आले होते. त्याचे कोच एडी फच यांनी त्याला पंधराव्या फेरीला उठूच दिलं नाही.

या लढतीच्या मधल्या तीन फेऱ्या आता पडद्यावर लावतो. आवाज बंद ठेवणार आहे, कारण ओरडा ऐकला की हात आपोआप एका बाजूला कलतो. सरपंच इकडे बसतील, मावशी तिकडे खिडकीशी, आणि गुरुजी तुम्ही दाराजवळ. एकेक चिठ्ठी घ्या. फेरी संपली की मी लगेच गोळा करीन. आणि गुरुजी, शेजारच्याच्या चिठ्ठीत पाहायचं नाही.