आज वार कोणता?

नमस्कार श्रोतेहो. भर उन्हात नाहीतर भट्टीपुढे राबणाऱ्यानं पाणी प्यावं, हे सांगायला रेडिओवर माणूस बसवायची गरज नाही. मी उष्माघातातली माझीच फजिती सांगणार आहे.

ओतकामाच्या कारखान्यात होतो मी, भट्टीपुढे दहा वर्षं काढलेला. आजारपणात महिनाभर घरी होतो. परत आलो त्याच दिवशी रजेची भरपाई करायच्या जोमात पाळीभर राबलो. दुपारी मुकादमांनी विचारलं, “साचे किती झाले?” म्हटलं, “चौदा.” थोड्या वेळानं म्हटलं, “नऊ.” मग पुन्हा “चौदा.” शेजारी एक म्हातारे कामगार होते, आमचे तात्या. फावडं टाकून आले. “आज वार कोणता रे?” मी भडकलो. “मला वार विचारता?” पण वार काही सांगता येईना! तात्यांनी दंडाला धरून सावलीत नेलं, सदरा उतरवला, डोक्यावर बादली ओतली. मग दुसरी, तिसरी. पंखा ओढून आणला. एकाला गाडीसाठी पिटाळलं, पण तिची वाट बघत पाणी थांबवलं नाही. मी आपला “मला काही झालेलं नाही” म्हणतोय. अंगाला घाम होता, म्हणून बाकीच्यांनाही ते पटत होतं. घाम असतानाही उष्माघात होतो, बरं का. आणि ज्याला होतो त्यालाच सगळ्यांत शेवटी कळतं. पुन्हा सांगतो, ज्याला होतो त्यालाच सगळ्यांत शेवटी कळतं. म्हणून जोडीदारावर नजर ठेवा. बडबडला, चिडला, अडखळला, की आधी गार करा.

    

चूक कुठे झाली? उष्णतेची सवय अंगी बाणायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि आठवडाभर दूर राहिलं की ती सुटायला लागते. म्हणून नवख्यानं पहिल्या दिवशी उष्णतेत पाळीचा 20 टक्केच वेळ काढावा, मग रोज 20 टक्के वाढवावा. रजेवरून आलेल्या जुन्यानं अर्ध्यापासून सुरुवात करून चौथ्या दिवशी पूर्ण पाळी करावी. जुन्यानंसुद्धा, हो!

पाणी तहानेआधी प्या, दर 15-20 मिनिटांनी पेलाभर. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको, रक्तातलं मीठ पातळ होतं. आणि हवा दमट असेल तर विश्रांती वाढवा, कारण घाम सुकला तरच अंग गार होतं. नुसता गळून उपयोग नाही.

पुढच्या वेळी विजेच्या धक्क्याबद्दल बोलू. तिथंही तात्या आहेतच.