कुरव फसवतो, सुरय फसवत नाही

(परभणीतील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, परभणीत समुद्रावर बोलायला उभं राहायचं म्हणजे जरा धाडसच. इथून अलिबाग रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या आसपास. पण ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या गावाला पाचशे किलोमीटरचं काय कौतुक! दिवाळी झाली की इथल्या निम्म्या गाड्या कोकणात असतात आणि हल्ली त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या डिकीत गळाच्या काठ्याही असतात. म्हणून हा विषय.

आयोजकांना तीन गोष्टी कबूल केल्यात: पक्षी पाहून मासा ओळखायचा कसा, होडी उभी करायची कुठं आणि पाण्यात टाकायचं काय. पहिल्या गोष्टीवर वेळ जास्त जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

मूळ मुद्दा तुम्हाला माहीत आहेच. रानात नांगर फिरू लागला की मागं बगळे धावतात. बगळ्याला नांगराशी देणंघेणं नाही. ढेकूळ उलटतं, अळ्या-किडे उघडे पडतात, ते त्याला हवेत. समुद्रात हे नांगराचं काम मोठा मासा करतो. सुरमई, कुपा, ट्रेव्हली असले शिकारी मासे तारली, मांदेली अशा बारक्या मासळीला खालून आणि बाजूनं कोंडत वर आणतात. वर पाणी संपतं, पळायला जागा उरत नाही आणि तेवढ्यात आभाळातून पक्षी तुटून पडतात. आपल्याला हवा आहे खालचा नांगर. वर नुसते पक्षी दिसले म्हणजे खाली नांगर असेलच, असं नाही. सगळी मेख इथंच आहे.

आता पक्ष्यांचं. आपल्या माणसांची एक अडचण अशी, की पाण्याजवळ पांढरं काही दिसलं की तो बगळा. (हशा) हसू नका, होडीत बसून कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या, थव्याकडं बोट दाखवत ‘ते बघा बगळे’ म्हणणारे आपलेच लोक असतात. बगळा पाण्यात उभा राहून खातो, खोल समुद्रावर त्याचं काही काम नाही. खाडीच्या काठावर, ओहोटीच्या उथळ पाण्यात बगळे पळापळ करताना दिसले तर मात्र बघा, तिथं बारकी मासळी काठाला लागलेली असते. तेवढीच त्याची साक्ष.

खरे साक्षीदार दोन: कुरव आणि सुरय, म्हणजे इंग्रजीतला टर्न. कुरव अंगानं भरलेला, पंख रुंद, पाण्यावर बदकागत बसतो. सुरय सडपातळ, पंख लांब नि टोकदार, शेपटी दुभंगलेली, पाण्यावर फारसा टेकत नाही. कुरवाला नीट बुडी मारता येत नाही. वरवरचं उचलायचं, दुसऱ्याच्या चोचीतलं हिसकायचं, हा त्याचा धंदा. सुरय हवेत एका जागी फडफडत थांबतो, पंख मिटतो आणि डोकं खाली करून पाण्यात शिरतो. पण त्याची बुडी खोल नसते, मोठ्यातला मोठा सुरयसुद्धा जेमतेम मीटरभर जातो. म्हणजे सुरयांचा थवा पुन्हापुन्हा बुड्या मारून मासा घेऊन वर येतोय, याचा अर्थ बारकी मासळी वरच्या मीटरभर पाण्यात आहे. भर दुपारी उघड्या पाण्यात ती हौसेनं तिथं येत नाही. कुणीतरी तिला वर रेटतंय.

आणि कुरव? गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागं शे-दोनशे कुरव येतात, ते काय माशासाठी? ते येतात शेवेसाठी, चिप्ससाठी. यातला तपकिरी डोक्याचा पाहुणा लडाख-तिबेटच्या सरोवरांवर जन्माला येतो, हिमालय ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतो आणि आपण त्याला तळलेली शेव घालतो! त्याच्या पोटाला ती बरी नाही, आणि तो होडी दिसली की माग काढायला शिकतो. मग नवखा माणूस म्हणतो, ‘कुरव जमलेत, मासा आहे.’ मासा नाही हो, फरसाण आहे. ट्रॉलरमागं जमलेल्या कुरवांचंही तेच. जाळं वर आलं की बिनकामाची मासळी परत पाण्यात फेकतात, ती खायला कुरव आणि ब्राह्मणी घारी येतात. होडीचा पाठलाग करणारा पक्षी मोजायचाच नाही, हा पहिला नियम.

एक अपवाद सांगतो, नाहीतर पक्षीमित्र नंतर गाठतील. जाड काळ्या चोचीचा एक सुरय असतो, तो चिखलातले खेकडे आणि किडे टिपत फिरतो. त्याच्या मागं लागू नका. पिवळ्या किंवा नारिंगी चोचीचा, डोक्यावर तुरा असलेला सुरय दिसला की गाडी रुळावर आहे असं समजा. पाणकावळ्याला पाण्याखाली पोहत शिकार करता येते, त्याला कुणी मासा वर आणून द्यावा लागत नाही. त्यामुळं एकटादुकटा पाणकावळा काहीच सांगत नाही.

दुर्बिणीतून काय बघायचं? चोच. सुरय नुसता कुठं निघाला असेल तर चोच समोर असते. शोधात असेल तर चोच खाली वळलेली, मान हलत असते. दुसरं, उंची. उंचावर विखरून फिरतायत म्हणजे अजून शोध चाललाय, किंवा मासा खोल आहे. खाली आले, गोळा झाले, म्हणजे दिसलाय. बुड्या सुरू झाल्या, म्हणजे वर आलाय. पाण्यालगत सरळ रेषेत, घाईनं, एकाच दिशेला पक्षी चालले असतील तर त्यांच्या दिशेनं निघा, पुढं कुठंतरी जेवण वाढलेलं आहे. आणि थवा पाण्यावर गप्प बसलेला दिसला तर लगेच पुढं जाऊ नका. मासा नुकताच खाली गेलेला असू शकतो. दहा-पंधरा मिनिटं लांबून थांबा. पाण्यावर तेलकट, गुळगुळीत चट्टा दिसतोय का बघा. तारलीच्या अंगात तेल फार, ती चावली गेली की ते वर येतं.

दुर्बीण ७×५० किंवा ८×४२ घ्या. दहापट मोठं दाखवणारी होडीत हातात ठरत नाही, पक्ष्याऐवजी क्षितिजच नाचतं. आणि पोलराइज्ड चष्मा लागतोच.

वेळेचं एक सांगतो. जुने लोक तिथीवरून भरती काढतात: तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढंमागं. पंचांग तर आपल्याकडं घरोघरी आहे, ॲप नसलं तरी चालतं. मुंबईच्या बाजूला हा हिशेब बरा जमतो. दक्षिणेकडं वेळ थोडी सरकते, तिथं स्थानिक तक्ता बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पहिले दोन-तीन तास खाडीच्या तोंडावर काढा. खाडीतलं पाणी बारक्या मासळीला घेऊन बाहेर पडतं, शिकारी तोंडावर टपलेले असतात आणि सुरय त्या प्रवाहाच्या रेषेवर येरझाऱ्या घालतात. होडीशिवाय काठावरून गळ टाकणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

आता माझं जुनं दुखणं. पक्षी दिसले की होडीतली सगळी मंडळी एका सुरात ओरडते, ‘घाल, घाल, मधी घाल!’ तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, बिचारा नको म्हणतो, पण भाडं दिलेलं असतं. मग इंजिनाचा आवाज करत होडी थेट थव्याच्या मधोमध. पुढं काय होतं बघा. बारकी मासळी एकवटून राहते कारण एकवटण्यात तिचा जीव वाचतो. वरून होडीचा तळ आला की ती फुटते. फुटली की शिकारी माशाचं काम संपलं, तो खाली जातो. पक्षी उठतात. अर्ध्या मिनिटात समुद्र कोरा. पाचेक मिनिटांनी शे-दोनशे मीटरवर पुन्हा खळबळ उडते, की पुन्हा होडी मधोमध. प्रत्येक खेपेला मासा कमी वेळ वर राहतो, तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो येतच नाही. शेजारच्या दोन होड्यांचाही दिवस जातो. वर संध्याकाळी हेच लोक सांगणार, ‘यंदा समुद्रात मासाच नाही राव!’ मासा होता, तुम्ही त्याच्या ताटात बसलात. (हशा)

करायचं ते असं. शंभरेक मीटर अलीकडं वेग कमी करा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. थव्याला तोंड असतं. मागचे पक्षी उठून पुढच्यांच्या डोक्यावरून उडत पुढं जाऊन पडतात. नव्या बुड्या जिकडं पडतायत तिकडं मासा चाललाय. लांबून वळसा घालून त्या तोंडाच्या पुढं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा. साठ-सत्तर मीटरवर इंजिन बंद. वारा आणि प्रवाह होडीला हळूहळू थव्याकडं नेतील, किंवा थवाच तुमच्याकडं येईल. गळ टाकायचा तो कडेला आणि पुढं. मधोमध कधीच नाही.

चिठ्ठी आली. (चिठ्ठी वाचून) ‘आठ मिनिटं.’ तिसरी गोष्ट अख्खी राहिलीय आणि येलदरी धरणाचंही बोलायचंय. भरभर सांगतो, लिहून घ्या.

काठी होडीतून सात फुटी, काठावरून नऊ फुटी, १५ ते ४० ग्रॅम फेकणारी. रीळ ४००० नंबरचं. ब्रेडेड, म्हणजे विणलेला, दोरा २० ते ३० पौंडी, पुढं मीटरभर ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा दोरा. सुरमईचे दात कात्रीसारखे चालतात, ती अपेक्षित असेल तर गळाच्या आधी वीतभर बारीक तार लावा. तार सगळीकडं लावू नका, स्वच्छ पाण्यात ट्रेव्हली तार पाहून बिचकते. आमिष म्हणून २० ते ४० ग्रॅमचा जिग, म्हणजे धातूचा खोटा मासा, पण आकार पक्ष्याच्या चोचीत दिसणाऱ्या माशाएवढा. नव्वद टक्के लोक इथं चुकतात. पक्षी बोटभर मांदेली उचलत असतो आणि हे वीतभर प्लास्टिकचा मासा फेकतात. खाली हजारो एकसारखे मासे असताना शिकारी वेगळ्या मापाचं तोंडात घेत नाही.

फेकल्यावर आधी वरून वेगात ओढा. दोन-तीन फेकींत काही लागलं नाही तर जिग बुडू द्या, मनात दहा मोजा, मग ओढा. लहान मासे वर गडबड करतात, मोठा बहुतेक वेळा त्यांच्या खाली, जखमी होऊन बुडणाऱ्यांची वाट बघत असतो. तीन काट्यांचा गळ काढून एक काट्याचा लावा आणि त्याची उलटी नखी पक्कडीनं दाबून टाका. हे माशासाठी कमी, पक्ष्यासाठी जास्त. सुरय दोऱ्यात किंवा गळात अडकला तर दोरा तोडून सोडून द्यायचं नाही, तो दोरा नंतर झाडाला, खडकाला गुंततो आणि पक्षी तिथंच मरतो. हळू जवळ घ्या, डोक्यावर कापड टाका म्हणजे शांत होतो. पंख अंगाशी धरा, गळ काढा, सगळा दोरा उलगडा, मग सोडा.

पावसाळ्यात हे काही नाही. १ जूनला यांत्रिक होड्यांची बंदी लागते, आणि त्या समुद्रात जायचंही नसतं. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही.

आता येलदरी नि जायकवाडी. तिथं हे निम्मंच चालतं, कारण धरणातला कटला-रोहू शिकारी नाही, तो कुणाला वर रेटत नाही. पिवळ्या चोचीचा, लाल पायांचा नदी सुरय बुड्या मारतोय, म्हणजे बारकी मासळी वर आहे एवढंच नक्की. लहान सुरय पाण्याला नुसती चोच लावत फिरत असतील तर ते बहुधा किडे टिपतायत. जास्त उपयोगाचं दृश्य वेगळं आहे: पाणकावळे ओळीनं पोहत, बुड्या मारत काठाकडं येतात आणि काठावर बगळे त्यांची वाट बघत जमतात. तिथं मासळी कोंडली गेलेली असते, आणि गवताच्या कडेला मरळ, खोल बाजूला शिवडा हे शिकारी मासे असण्याची शक्यता चांगली. पण धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असते, आधी त्यांना विचारा. जायकवाडी तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं आधी वनखात्याला. आणि मार्च ते मे वाळूच्या बेटांवर पाय ठेवू नका, नदी सुरयाची अंडी उघड्या वाळूवर असतात आणि दोन हातांवरूनसुद्धा दिसत नाहीत.

वेळ संपली. गाठी कशा मारायच्या ते ज्यांना बघायचंय त्यांनी मागच्या टेबलापाशी या, दोरा आणलाय.