आशियातलं दुसरं पठार

[दृश्य: पाचगणीचं टेबललँड. सकाळचं धुकं. घोडागाडीवाले गाड्या जुंपतायत.]

हे टेबललँड. पाचगणी, जिल्हा सातारा. जांभ्या दगडाचा सपाट माथा, कडेला सरळ तुटलेला कडा, खाली कृष्णेचं खोरं. इथं आलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत कुणी ना कुणी सांगतंच, 'साहेब, आशियातलं दोन नंबरचं पठार आहे हे.' घोडेवाला सांगतो, कणसं भाजणाऱ्या मावशी सांगतात. मला शाळेच्या सहलीत सरांनी सांगितलं होतं. मी ते तीस वर्षं जपलं, आणि पाहुण्यांना इथं आणलं की मीही तेच सांगत आलो.

या एका ओळीपायी मी विकिपीडियावर भांडलो. चांगला कंबर कसून भांडलो.

[दृश्य: संगणकाचा पडदा. लेखाच्या वरची 'इतिहास' ही कळ.]

मराठी विकिपीडिया सुरू झाला 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर. आज लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे आणि हे सगळं सांभाळणारे प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पानाला कुलूप घालणं, एखाद्याचं खातं रोखणं, हे अधिकार त्यांच्याकडे. पगार कुणालाच नाही.

इथली भाषा मात्र मला फार आवडते. सगळ्यांनी मिळून बोलायची जागा म्हणजे 'चावडी'. नवख्यानं हात बसवायचा तो 'धूळपाटी'वर. आपोआप काम करणारा प्रोग्राम, ज्याला इंग्रजीत बॉट म्हणतात, तो इथं 'सांगकाम्या'. ज्यानं कुणी हे शब्द शोधले, त्यानं साताऱ्याला यावं, माझ्याकडून पावशेर कंदी पेढे.

तर मी लेख उघडला आणि लिहिलं: 'टेबललँड हे आशियातील दुसऱ्या क्रमांकाचे पठार आहे.' जतन केलं, चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत ओळ गायब.

[दृश्य: 'इतिहास' पान, जवळून. एक हिरवा आकडा, त्याच्या वर एक लाल आकडा.]

हे नीट बघा. प्रत्येक बदलाची इथं एक ओळ पडते. तारीख, वेळ, सदस्याचं नाव आणि मजकूर किती वाढला किंवा घटला त्याचा आकडा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन-तीन बाइट खातं, त्यामुळे साध्या वाक्याचाही आकडा फुगतो. माझं वाक्य हिरव्यात, अधिक 131. त्याच्या वर लाल, उणे 131. बदल का केला ते लिहायच्या चौकटीत समोरच्यानं एकच शब्द टाकला होता: 'संदर्भ?'

मी ओळ परत टाकली. त्यानं परत काढली. मग मीही कारण लिहिलं. ते असं: 'कृपया स्थानिक लोकांना शिकवू नये.'

हे वाक्य आजही तिथंच आहे. लेखातून ओळ काढता येते, इतिहासातून नाही. शिवीगाळ किंवा कुणाची खाजगी माहिती असेल तर प्रचालक ती आवृत्ती झाकू शकतात, पण नुसता आगाऊपणा झाकायची सोय नाही. माझा पुतण्या अधूनमधून ते पान काढून घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो.

हिरवं, लाल, हिरवं, लाल. संपादकांच्या बोलीत याला संपादन युद्ध म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर त्याला मोजून लगाम आहे: एकाच पानावर 24 तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिहिलेलं उलटवलं, तर खातं रोखलं जाऊ शकतं. आणि तीन म्हणजे हक्काच्या तीन खेळ्या, असंही नाही. रोज मोजून तीनदा उलटवणाऱ्यालाही रोखतात. यात कोण बरोबर, कोण चूक, हा प्रश्नच कुणी काढत नाही. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा वाटलं, हा कसला न्याय! बांधावरून भांडण लागलं तर तलाठी निदान सातबारा तरी बघतो.

पण भांडणारे सगळेच स्वतःला बरोबर समजतात. मीही समजत होतो. बरोबर असणाऱ्याला कितीही वेळा उलटवायची मुभा दिली असती, तर आम्ही दोघंही आजतागायत तिथंच बसलो असतो.

मी काही फार वेगळा नव्हे. इंग्रजी विकिपीडियावर दह्याचं इंग्रजी नाव 'एच' घालून लिहायचं की 'एच'शिवाय, यावरून सुमारे 8 वर्षं वाद चालला. 2011 च्या अखेरीस निकाल लागला. 'एच' गेला. दही होतं तसंच राहिलं.

[दृश्य: कऱ्हाड, कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम. संध्याकाळ.]

आता जे मी केलं, ते कॅमेऱ्यासमोर सांगायला जरा जड जातंय. कऱ्हाडला माझा मावसभाऊ असतो. त्याला फोन लावला. म्हटलं, 'दादा, एक खातं काढ आणि माझ्या बाजूनं लिही.' दादानं विचारलं, 'लिहू काय?' म्हटलं, 'लिही की पठार मोठं आहे.'

दादानं इमानेइतबारे लिहिलं. नवंकोरं खातं, आयुष्यातलं पहिलंच संपादन, आणि तेही थेट माझ्या भांडणात. जुन्या संपादकाला हे ओळखायला मिनिटसुद्धा लागत नाही. एकाच माणसानं दोन खाती काढून स्वतःलाच दुजोरा देणं हा इथला मोठा गुन्हा. नात्यातली माणसं गोळा करून आणणं हा त्याचाच चुलतभाऊ. त्यात मला वाटत होतं, दोघे झालो की आपलं पारडं जड. पण चर्चेत डोकी मोजायची नसतात, कारणं बघायची असतात. आणि कारण आमच्या दोघांकडेही नव्हतं.

इथं प्रत्येक लेखाला आणि प्रत्येक सदस्याला बोलायला एक वेगळं पान असतं, ते चर्चापान. मग माझ्या चर्चापानावर प्रचालकांचा संदेश आला. 'आपण' म्हणून सुरुवात, शेवटी सही. ही सही चार टिल्डे, म्हणजे ~ ही खूण चारदा, टाकून होते, नाव आणि वेळ आपोआप उमटतात. मजकूर थोडक्यात असा, की दोघांनीही थांबावं, लेख तीन दिवस सुरक्षित केला आहे, जे काही असेल ते लेखाच्या चर्चापानावर मांडावं. खातं माझं रोखलं नाही, आणि त्याबद्दल मी अजूनही थोडा ओशाळलेला आहे. 

कुलूप लागलं तेव्हा लेखात माझी ओळ नव्हती. संपादकांमध्ये एक जुना विनोद आहे, की पानाला कुलूप लागतं ते नेहमी चुकीच्याच आवृत्तीवर. विनोद म्हणून छान आहे. तेव्हा हसू आलं नव्हतं.

[दृश्य: गावाच्या नावाचे एकापाठोपाठ एक लेख पडद्यावर सरकतात.]

प्रचालकांची रोजची डोकेदुखी खरं तर वेगळीच असते. मराठी विकिपीडियावर गावांचे लेख भरपूर. त्यात 'प्रसिद्ध व्यक्ती' असा मथळा दिसला, की कुणीतरी पोरगा स्वतःचं नाव टाकून येतो. पुढं 'भावी आमदार'. निवडणुका आल्या की उत्साह वाढतो. कुणी अख्खं पान कोरं करतो, कुणी वर्तमानपत्रातली बातमी जशीच्या तशी डकवतो, आणि तो प्रताधिकारभंग होतो. हे सगळं 'अलीकडील बदल' या पानावर बसून कुणीतरी निवडत असतं. पोराला पहिल्यांदा गोडीत सांगायचं, मग ताकीद, तरी ऐकेना तर थोड्या वेळापुरतं खातं बंद. यात वादच नसतो, नुसता कचरा काढणं असतं.

वाद कधी फार मोठाही होतो. फेब्रुवारी 2025 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागानं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि पुढं काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. अशा पानावर चर्चापान, चावडी, कुलूप ही हत्यारं तोकडी पडतात. टोपणनावानं लिहिणाऱ्याच्या दारात पोलीस येऊ शकतात, हा विचार पठाराच्या भांडणात माझ्या डोक्यात आला नव्हता. आता येतो.

[दृश्य: पसरणी घाट. गाडी उतरते. समोर वाई, कृष्णेवरचे घाट, ढोल्या गणपतीचं देऊळ.]

टेबललँडवरून पसरणी घाट उतरलं की वाई. मराठी विश्वकोश इथं घडला, गंगापुरीत. राज्य स्थापन झालं त्याच वर्षी, 1960 मध्ये, साहित्य संस्कृती मंडळ उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचं काम हाती घेतलं गेलं. पहिला खंड छापून यायला 1976 उजाडलं. एकेक नोंद त्या त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घ्यायची, तपासायची, भाषा सारखी करायची, आणि शेवटी प्रमुख संपादकांची मान्यता. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव.

म्हणजे भांडणं तिथंही झाली असणारच. शब्दावरून, सनावळीवरून. पण ती छपाईच्या आधी, चार भिंतींच्या आत. वाचकाच्या हातात खंड पडेपर्यंत सगळं शांत झालेलं. विकिपीडियावर आधी छापतात आणि मग भांडतात, तेही भर चौकात. तर्कतीर्थांसारखा शेवटचा शब्द टाकणारा कुणी नाही. प्रचालकसुद्धा नाही. ते कुलूप लावतात, पण पठार कितवं हे ठरवत नाहीत. मला या दोन्हींतलं एक निवडायला सांगाल तर विषय कोणता ते आधी विचारीन. तत्त्वज्ञानाची नोंद मी वाईकडून घेईन. पाचगणीची सांगता येत नाही.

[दृश्य: साताऱ्यातलं घर. टेबलावर शाळेचा जुना नकाशासंग्रह.]

त्या तीन दिवसांत मी संदर्भ शोधायला बसलो. आणि सापडले की! पन्नासभर ठिकाणी तीच ओळ. सहलीवाल्यांची पानं, हॉटेलांची पानं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या. मी खूश. मग शेजारी शेजारी ठेवून वाचलं, तर शब्द तेच, क्रम तोच, एके ठिकाणी स्वल्पविरामाची चूकसुद्धा तीच. कुणी मोजलं, कधी मोजलं, क्षेत्रफळ धरलं की लांबी की उंची, पहिलं पठार कुठलं, दोन नंबर कुणी दिला, एकाही ठिकाणी नाही. एक परिच्छेद तर विकिपीडियाच्याच जुन्या आवृत्तीतून शब्दशः उचललेला. तो मी संदर्भ म्हणून दिला असता, तर विकिपीडियाला विकिपीडियाचीच साक्ष काढल्यासारखं झालं असतं.

आमच्या गल्लीत भूगोलाचे एक निवृत्त सर राहतात. त्यांच्यापुढं मांडलं. त्यांनी नकाशासंग्रह उघडला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, 'अरे, हे दुसरं म्हणतोस, मग ज्याच्यावर तू आणि मी बसलोय ते दख्खनचं पठार कितवं?'

मी गप्प. आख्खं दख्खन मी विसरलो होतो.

[दृश्य: चर्चापान. मजकूर हळूहळू खाली सरकतो.]

चर्चापानावर मी लिहिलं, की संदर्भ मिळाला नाही. एवढंच. माफीबिफी नाही मागितली. समोरच्यानं सुचवलं, की 'असे स्थानिक पातळीवर सांगितले जाते' असं लिहू. मला ते पटलं. तर तिसराच एक सदस्य उगवला आणि म्हणाला, सांगितलं जातं याला तरी संदर्भ आहे का? यावर आणखी दोन दिवस गेले. शेवटी ओळ गेली ती गेलीच. कुलूप निघालं आणि कुणी जिंकल्याचं कुठं लिहिलं गेलं नाही.

तो समोरचा सदस्य कोण, कुठला, मला आजही माहीत नाही. पुढं दुसऱ्या एका लेखात त्यानं माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं. मी आभार मानायची कळ दाबली.

[दृश्य: पुन्हा टेबललँड. दुपार. घोडागाडी चक्कर घेऊन परत येते.]

लेख मी पहाऱ्याच्या सूचीत टाकून ठेवलाय. पानावर काही हललं की मला कळतं. मागच्या पावसाळ्यात एका रात्री सूची उघडली, तर हिरवा आकडा. अधिक 131. नवं खातं, नाव लाल रंगात, म्हणजे त्याचं सदस्यपानसुद्धा अजून तयार झालेलं नव्हतं. ओळ तीच, अगदी माझीच.

मी उलटवली. कारणाच्या चौकटीत 'संदर्भ?' टाइप केलं आणि खोडलं. त्याच्या चर्चापानावर जाऊन चांगल्या चार ओळी लिहिल्या, स्वागत केलं, दख्खनच्या पठाराचं सांगितलं, सही केली.

पाच मिनिटांत उत्तर आलं: 'तुम्ही कधी पाचगणी पाहिलीय का?'