विरजणाच्या तीन वाट्या

नमस्कार मंडळी. मी बालवाडीत शिकवते, माझ्याकडं चार-पाच वर्षांची पोरं असतात. पालकांना म्हटलं की घरी मुलांबरोबर थोडं सायन्स करा, की लगेच उत्तर येतं, "ताई, आम्हाला कुठं सायन्स येतंय?" फार वाईट वाटतं हो हे ऐकून, कारण असं म्हणणारी आजी रोज रात्री दुधात बोट बुडवून बघते आणि मगच विरजण लावते.

आमच्या एका मुलीनं आजीला विचारलं, बोट कशाला घालतेस गं? आजीनं "गप बस" नाही म्हटलं, तीन वाट्या मांडल्या. एकीत कडकडीत दूध, दुसरीत कोमट, तिसरीतही कोमटच पण ती फ्रिजमध्ये, आणि तिन्हीत तेवढंच विरजण. दही कुठल्या वाटीत लागणार? अंदाज सगळ्यांनी सांगायचा, बाबांनीसुद्धा. सकाळी पोरगी दात न घासताच ओट्यापाशी हजर! मधल्या वाटीत वाटी तिरकी केली तरी हलणार नाही असं घट्ट दही, बाकी दोन्हीकडं दूधच. विरजणातले जिवाणू कडकडीत दुधात मरतात, ४० अंशांच्या आसपास भराभर वाढतात, थंडीत नुसते बसून राहतात. पण हे कुणी सांगायच्या आधीच तिनं विचारलं, "फ्रिजमधले मेले का झोपलेत?" मग ती वाटी दिवसभर बाहेर ठेवली आणि रात्री जेवताना त्यातलंच दही ताटात आलं.

तर लगेच उत्तर देऊन टाकू नका, "तुला काय वाटतं?" एवढं विचारा आणि थांबा, चुकू दे अंदाज.

आणि मे महिन्यात शून्य सावली दिवस येतो, तो चुकवू नका. कोल्हापूरला ६ मेच्या आसपास, पुण्यात १३, मुंबईत १५, नागपूरला २६. दुपारी साडेबाराच्या सुमाराला (नागपूरला थोडं आधी, बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास) सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब. आठवडाभर आधीपासून रोज त्याच वेळेला खडूनं सावलीच्या टोकाशी खूण करा, ती कशी आखूड होत जाते ते पोरांना दिसू दे. काठी मात्र सरळ उभी हवी. आमच्याकडं ती तिरकी होतेय हे एका गवंडीकाम करणाऱ्या बाबांनी ओळखलं, पिशवीतनं ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) काढला, दोरी लेकाच्या हातात दिली आणि म्हणाले, "हलवू नको, बघ आता."