डॉक्टर पार्कमनची कवळी

नमस्कार श्रोतेहो. आज अमेरिकेतला एक गाजलेला खुनाचा खटला सांगणार आहे. शहर बॉस्टन, साल १८४९. या खटल्यातला सगळ्यात वजनदार पुरावा होता एका कवळीचा. हो, कवळीचाच. रात्री काढून पाण्यात ठेवतात ती.

आधी माणसं ओळखून घ्या. जॉर्ज पार्कमन हे बॉस्टनचे बडे आसामी. शिक्षणाने डॉक्टर, पण धंदा जागाजमिनीचा आणि सावकारीचा. हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजला जागा त्यांनीच दिलेली. अंगाने सडपातळ, खालचा जबडा पुढे आलेला, आणि वसुलीला गावभर पायीच फिरायचे. दुसरे जॉन वेब्स्टर, त्याच कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मिळकत बेताची, हात मात्र सढळ. १८४२ मध्ये त्यांनी पार्कमनकडून ४०० डॉलर उचलले. १८४७ मध्ये जुनी बाकी धरून २,४३२ डॉलरचा नवा कागद झाला आणि वेब्स्टरनी आपला खनिजांचा संग्रह तारण दिला. पुढे तोच संग्रह त्यांनी पार्कमनच्या मेहुण्याला १,२०० डॉलरला विकला! एकच वस्तू, दोन गिऱ्हाइकं, तीही एकाच नात्यातली. पार्कमन भडकले नसते तरच नवल.

२३ नोव्हेंबर १८४९, शुक्रवार. पार्कमन दुपारी वेब्स्टरना भेटायला कॉलेजात गेले आणि घरी परतलेच नाहीत. नदीचा तळ धुंडाळला, ३,००० डॉलरचं इनाम लागलं. वेब्स्टर म्हणाले, मी त्यांना ४८३ डॉलर ६४ सेंट दिले आणि ते निघून गेले.

कॉलेजचा रखवालदार लिटलफील्ड तळघरात राहायचा. प्राध्यापकसाहेब एकाएकी दाराला आतून कड्या लावू लागले, हे त्याला खटकलं. पुढच्या मंगळवारी साहेबांनी त्याला थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी टर्की पक्षी भेट दिला. एवढी वर्षं कधी काही दिलं नव्हतं! बुधवारी वेब्स्टरच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीमागची भिंत इतकी तापली की इमारतीला आग लागली असं त्याला वाटलं. खिडकीतून आत शिरून पाहतो तर सरपण आणि पिंपातलं पाणी, दोन्ही जवळजवळ संपलेलं. झडतीत न पाहिलेली एकच जागा उरली होती, वेब्स्टरच्या खासगी शौचकूपाचा खड्डा. गुरुवारी सण सोडून तो त्या खड्ड्याची भिंत फोडायला बसला. भिंत पाच विटा जाड. साहेब आले तर वर चार ठोके मार, असं बायकोला सांगून ठेवलेलं. शुक्रवारी भोक पडलं. आत कटीचा भाग, एक मांडी आणि एक पोटरी. नंतर चहाच्या खोक्यात धड सापडलं आणि भट्टीच्या राखेत हाडांचे तुकडे. कोर्टात बचावपक्षाने उलट लिटलफील्डवरच संशय वळवायचा प्रयत्न केला. साहेब आणि शिपाई समोरासमोर आले की बोट कुणाकडे वळतं, हे काय सांगायला हवं!

आता खरी अडचण ऐका. डोकं नाही, हात नाहीत, पावलं नाहीत. मग हे शरीर पार्कमनचंच कशावरून? त्यात कॉलेज वैद्यकीय, तिथे विच्छेदनासाठी प्रेतं यायचीच. यातल्या एका शंकेला उत्तर होतं. विच्छेदनाचं प्रेत टिकावं म्हणून त्याच्या रक्तवाहिन्यांत रसायन सोडत. या अवयवांत त्याचा मागमूस नव्हता. उंची मोजली तर पाच फूट साडेदहा इंच भरली, पार्कमनशी जुळणारी. पण त्या उंचीची माणसं बॉस्टनमध्ये थोडी का होती? उंची जुळते, म्हणून माणूस तोच ठरत नाही.

इथे कवळी येते. भट्टीच्या राखेत चिनीमातीच्या दातांच्या सलग पट्ट्या सापडल्या होत्या आणि वितळलेलं थोडं सोनंही. त्या दंतवैद्य नेथन कीप यांच्यासमोर ठेवल्या. कीपनी पाहताक्षणी ओळखल्या. का ओळखल्या, ते नीट ऐका.

१८४६ साली कॉलेजच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि पार्कमनना त्या दिवशी नवी कवळी हवी होती. तोंड विचित्र. खालचा जबडा पुढे, आणि त्यात चार खरे दात अजून शाबूत. कीपनी आधी जबड्याचा ठसा घेतला, ठशावरून प्लास्टरचा साचा ओतला, साच्यावरून सोन्याची पट्टी ठोकून बसवली. दातांचा भाग आधी सलग घडवला, भट्टीत घालण्यापूर्वी त्याचे तीन तुकडे केले, आणि वरची-खालची कवळी स्प्रिंगांनी जोडली. रात्र जागून काम केलं. समारंभाला अर्धा तास उरला तेव्हा कवळी तोंडात बसली.

पुढे पार्कमन तक्रार घेऊन आले. जिभेला जागा पुरत नाही! ज्यांच्या घरी कवळी आहे त्यांना हे दुखणं नवं नाही. कीपनी खालच्या दातांची आतली बाजू घासली. पण दात पट्टीला जोडून झालेले, त्यामुळे मोठं चाक आत जाईना. सेंटच्या नाण्याएवढ्या चाकाने घासावं लागलं. हिरडीचा गुलाबी रंग गेला, दातावरची झिलई गेली आणि राहिली एक ओबडधोबड खाच. तीच खाच राखेतून निघालेल्या तुकड्यावर होती. पुन्हा सांगतो, तीच खाच. आणि कीपकडे १८४६ चा प्लास्टरचा साचा अजून जपलेला होता. कोर्टात ज्यूरीसमोर त्यांनी तुकडा साच्यावर ठेवला. चपखल बसला. साक्ष देताना कीपना रडू आवरलं नाही. बेपत्ता होण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीच पार्कमन तुटलेली स्प्रिंग दुरुस्त करायला त्यांच्याकडे येऊन गेले होते.

(जाता जाता सांगतो. कवळी केलीत तर साचा दवाखान्यातून मागून घ्या आणि घरी ठेवा. पसारा म्हणून फेकू नका. आपल्याला फेकायची फार घाई असते.)

पण सोनं वितळवणाऱ्या आगीत दात टिकले कसे? कीपनी तेही सांगितलं. वापरातल्या दातांत ओल मुरलेली असते. ते थेट निखाऱ्यात टाकले तर ओलीची वाफ होऊन तडकून फुटतात. हे फुटले नाहीत, म्हणजे ते डोक्यासकट आगीत गेले होते. भोवतीच्या मांसाने त्यांना सावकाश तापू दिलं.

बचावपक्षाने आणलेला दंतवैद्य साधा नव्हता. इथरची भूल जगाला जाहीरपणे दाखवणारे विल्यम मॉर्टन! ते म्हणाले, या तुकड्यात खास असं काही नाही, हे दुसऱ्या जबड्यावरही बसू शकतात. पण साचा डोळ्यांपुढे असल्यावर नुसतं मत कितीसं टिकणार?

खटला १९ मार्च १८५० ला उभा राहिला. पाहायला इतकी झुंबड की लोकांना दहा-दहा मिनिटांच्या पाळीने गॅलरीत सोडत. सुमारे साठ हजार माणसं येऊन गेली म्हणतात. दहा मिनिटांत खटला काय कळतो? आजही वाहिन्यांवर तेवढ्याच वेळात निकाल लावणारे आहेतच म्हणा. आरोपीला तेव्हा शपथेवर साक्ष देता येत नसे, म्हणून वेब्स्टरनी शेवटी उभं राहून निवेदन केलं आणि स्वतःच्याच वकिलांना दोष दिला.

मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी ज्यूरीला दोन गोष्टी बजावल्या. अख्खं शव नसलं तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर खून सिद्ध होऊ शकतो. आणि वाजवी शंका, जी उरली तर आरोपीला दोषी ठरवता येत नाही, ती म्हणजे वाटेल ती शंका नव्हे. सगळा पुरावा तोलून झाल्यावरही ज्यूरीच्या मनाची आरोप खरा असल्याबद्दल पक्की खात्री पटत नसेल, तर ती वाजवी शंका. ३० मार्चच्या रात्री ज्यूरी तीन तासांच्या आत परतली. दोषी.

नंतर वेब्स्टरनी कबुली दिली. पैशावरून बोलाचाली झाली, रागाच्या भरात द्राक्षवेलीचा सोटा डोक्यात घातला, आधी ठरवलेलं नव्हतं. राज्यपालांनी शिक्षा कमी केली नाही. ३० ऑगस्ट १८५० ला फाशी झाली. शॉ यांचे शब्द मात्र मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बॉस्टन ज्या राज्यात आहे तिथल्या, न्यायालयांत दीड शतकाहून जास्त काळ ज्यूरीला वाचून दाखवले जात. ते आजच्या माणसाला समजतील अशा भाषेत नव्याने मांडायला त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला २०१५ साल उजाडलं.