बोटीच्या ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच: पुढच्या चाकाची उंची आधी मोजा

नमस्कार मंडळी. डॅलस आणि आसपासच्या ज्या मराठी घरांत अलीकडे बोटी आल्या आहेत, त्यांच्याकडून एकच प्रश्न सतत येत असतो: बोटीचा ट्रेलर जोडला की पिकअपचा मागचा भाग खाली बसतो, तेव्हा वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवरही वाटणारी जोडणी, घ्यावा का? कॅम्परवरच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरवरच्या, माझ्या व्हिडिओखाली हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे की, त्याचे उत्तर स्वतंत्रपणे देणेच बरे. कॅम्परला लागू पडणारे उत्तर बोटीला जसेच्या तसे लागू पडत नाही, हेही त्यामागचे एक कारण आहे.

रिसीव्हर म्हणजे गाडीच्या मागे खाली असलेली चौकोनी खोबण, बॉल म्हणजे तिच्यात बसवलेल्या दांडीवरचा गोळा आणि कपलर म्हणजे त्या गोळ्यावर बसणारे ट्रेलरचे टोक. टंग वेट म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा बॉलवर पडणारा भार. कॅम्परमध्ये तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात; बोटीचे इंजिन मागे असल्यामुळे बोटीच्या ट्रेलरमध्ये तो साधारणपणे ५ ते १० टक्के असतो. आता खाली वाकून तुमच्या रिसीव्हरवरचे स्टिकर वाचा. त्यावर दोन ओळी असतात, एक साध्या बॉलसाठी आणि दुसरी वेट डिस्ट्रिब्युशनसाठी. अनेक पिकअपवर पहिल्या ओळीत ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग वेट असे आकडे आढळतात. तुमची बोट त्या मर्यादेत बसत असेल आणि गाडीच्या पुस्तिकेत या हिचची अट नसेल, तर पैसे खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करा. मात्र बोटीचे वजन माहितीपत्रकातून उचलू नका, कारण तेथे छापलेल्या आकड्यात पुष्कळदा इंधन आणि ट्रेलर धरलेला नसतो, आणि ६० गॅलनची टाकी भरली की पेट्रोलचेच ३६० पौंडांच्या वर वजन होते.

हा हिच नेमके काय करतो, ते एका हिशोबाने पाहू. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत १२ फूट अंतर आहे, बॉल मागच्या आसापासून ५ फूट मागे आहे, बॉलपासून ट्रेलरच्या आसांचा मध्य २० फुटांवर आहे आणि टंग वेट ६०० पौंड आहे, असे समजा. साध्या बॉलवर ट्रेलर ठेवला की मागचा आस टेकूसारखा वागतो. पुढच्या चाकांवरचे २५० पौंड उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ८५० पौंड वाढतात. आता हिचचे दोन स्प्रिंग बार, म्हणजे बॉलपासून मागे ट्रेलरच्या सांगाड्याखाली जाणाऱ्या दोन लवचिक पोलादी दांड्या, साखळ्यांनी वर ताणले की ते गाडीचे नाक खाली दाबतात. पुढच्या चाकांनी गमावलेल्या भारापैकी निम्मा, म्हणजे १२५ पौंड, परत येईल इतका ताण दिला, तर ट्रेलरच्या चाकांवर ६० पौंड जातात आणि मागच्या आसावरची वाढ ८५० वरून ६६५ वर येते.

यावरून एका प्रेक्षकाच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. त्यांनी लिहिले होते की, हा हिच लावल्यावर टंग वेट निम्मे होते, म्हणून पेलोडची, म्हणजे गाडीवर किती वजन लादता येते याची, चिंता उरत नाही. वरच्या हिशोबात गाडीवर अजूनही ५४० पौंड आहेत. शिवाय हिचचे स्वतःचे ७० ते १०० पौंड, घरची मंडळी आणि बर्फाची पेटी हे सगळे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या पेलोडमधूनच वजा होते.

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हिच नीट बसला आहे की नाही, हे बहुतेक जण गाडीचा मागचा भाग पाहून ठरवतात. मागचा भाग वर आला, गाडी सरळ दिसू लागली, फोटो काढला आणि निघाले. माझे म्हणणे असे आहे की, मागचा भाग पाहूच नका. पुढच्या चाकावरची कमान मोजा. सपाट जागेवर, ट्रेलर न जोडता, पुढच्या चाकाच्या मधोमध जमिनीपासून कमानीच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा आणि फेंडरवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेन्सिलीने लिहा. मग बार न लावता ट्रेलर जोडा आणि तीच उंची पुन्हा मोजा. समजा ती ३७ इंचांवरून ३८ इंच झाली. आता बार लावून ती साडेसदतीस इंचांच्या आसपास यायला हवी. निम्मी उंची परत आणावी असे आज अनेक कंपन्या आपल्या पुस्तिकांत सांगतात, काहींचे प्रमाण वेगळे असते, म्हणून तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतले वाक्य अंतिम समजावे. पुढचा भाग पूर्वी होता तितका किंवा त्याहूनही खाली आणण्याच्या नादात मागची चाके गरजेपेक्षा हलकी होतात, आणि ओल्या रस्त्यावरच्या वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर घसरण्याचा धोका वाढतो.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. माझ्या एका शेजाऱ्यांनी हिचऐवजी मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या बसवून घेतल्या आणि गाडी अगदी सरळ दिसते असे कौतुकाने दाखवले. गाडी सरळ दिसत होती, यात शंका नाही. हवेच्या पिशव्या मागचा भाग वर उचलतात, परंतु पुढच्या चाकांवरून उठलेले वजन त्या परत आणत नाहीत. वरच्या उदाहरणातले २५० पौंड गेले ते गेलेच राहतात. आम्ही ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर गेलो, जेथे पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी छापून मिळतात. पिशव्यांत हवा भरून आणि हवा सोडून अशा दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवल्यावर पुढच्या आसाच्या आकड्यात सांगण्यासारखा फरक नव्हता. ज्यांना टेपवर विश्वास नाही त्यांनी स्केलवर जावे, पण पुढच्या आसाचा आकडा पाहावा.

आणि ज्यांना आकड्यांचाच कंटाळा आहे, त्यांच्यासाठी तिसरी बाजू. लेक टेक्सोमाहून अंधारात यूएस ७५ ने दक्षिणेला परत येताना समोरचे चालक तुम्हाला वारंवार अपर मारत असतील, तुमचे दिवे त्यांच्या डोळ्यांत जात असतील, आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागत असेल, तर तुमची पुढची चाके हलकी झालेली आहेत. वळण्याचे काम पुढची चाके करतात आणि ब्रेक लावताना मोठा भारही तीच घेतात. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या टोइंग मानकातसुद्धा पुढच्या आसावरचा भार किती परत आला याचाच विचार केलेला आहे, मागचा भाग किती उचलला गेला याचा नव्हे. या विषयावर मी हट्टी आहे असे कोणी म्हटले, तर मला मान्य आहे.

साखळी किती ताणायची, हे कड्या मोजून ठरते. पुढची उंची कमी उतरली तर एक कडी वर घ्या. परंतु साखळी ज्यात अडकते त्या ट्रेलरवरच्या कंसापासून बारापर्यंत किमान किती कड्या राहायला हव्यात, हे हिचच्या पुस्तिकेत दिलेले असते. तितक्या राहत नसतील, तर वळताना साखळीला हालचालीला जागा मिळत नाही, म्हणून हिचच्या डोक्याचा कोन वॉशर घालून बदलावा लागतो. साखळी चढवण्यापूर्वी कपलर बॉलवर बसवून त्याची कुलूपपट्टी लावा आणि मग जॅकने ट्रेलरचे टोक आणि गाडीचा मागचा भाग दोन्ही एकत्र वर उचला. तसे केले की कंस हलक्या हाताने फिरतो. ताकद लावावी लागत असेल, तर जॅक पुरेसा वर गेलेला नाही. ताणलेला कंस उलटला, तर हातातली दांडी सरळ तोंडावर येते, त्यामुळे बाजूला उभे राहा आणि काम झाल्यावर कंसाची पिन विसरू नका.

येथपर्यंतचे सारे कॅम्परवाल्यांनाही लागू आहे. बोटीची खरी अडचण पुढे आहे. बोटीचा ट्रेलर पाण्यात जातो, म्हणून त्याला बहुधा सर्ज ब्रेक असतात: गाडीने ब्रेक लावला की ट्रेलर पुढे रेटतो, कपलरचा सरकता भाग मागे दाबला जातो आणि त्यातला मास्टर सिलिंडर ट्रेलरचे ब्रेक लावतो. टेक्सासमध्ये ४,५०० पौंडांपुढच्या ट्रेलरला ब्रेक लागतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांचा आहे. हिचच्या बारांनी ही सरकण्याची हालचाल अडवली, तर ट्रेलरचे ब्रेक असून नसल्यासारखे होतात. साखळीचे बार थोडे झुलतात, म्हणून काही हिच सर्ज ब्रेकबरोबर चालतात. काही कपलरवर मात्र त्याला मनाईच असते. हिच आणि कपलर या दोन्हींच्या पुस्तिकांत परवानगी लिहिलेली असेल, तरच पुढे जावे. विक्रेता ‘कोणताही चालतो’ म्हणाला, एवढ्यावर थांबू नका. मला तसे सांगणाऱ्या विक्रेत्याने तर ट्रेलर पाहिलाही नव्हता. घर्षणाने डुलणे थांबवणारी जी वेगळी दांडी मिळते, ती सर्ज ब्रेक असलेल्या ट्रेलरला लावूच नये, कारण ज्या हालचालीवर ब्रेक चालतो, तीच हालचाल ती दांडी धरून ठेवते.

दुसरी अडचण सांगाड्याची. कॅम्परच्या पुढे दोन पोलादी पट्ट्या मिळून ए अक्षराचा आकार होतो आणि बहुतेक हिचचे कंस त्याच आकारासाठी बनवलेले असतात. बोटीच्या ट्रेलरला कधी एकच चौकोनी नळी असते, कधी अ‍ॅल्युमिनियमचा आय-बीम असतो, आणि गॅरेजमध्ये मावावा म्हणून पुढचा भाग बिजागरीवर दुमडणाराही असतो. आपल्याच उदाहरणात साखळी बॉलपासून अडीच फूट मागे असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे २४० पौंडांचा ताण सांगाड्याला खाली वाकवत असतो, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात तो वाढतो. दुमडणाऱ्या बिजागरीची पिन हे सोसण्यासाठी केलेली असेलच, असे समजू नका. ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीला लेखी विचारा. उत्तर नकारार्थी आले, तर अधिक दणकट स्प्रिंगची गाडी हाच मार्ग उरतो. ‘सरळ मोठी गाडी का घेत नाही’ असे पुण्याहून विचारणाऱ्या प्रेक्षकांचे म्हणणे या एका बाबतीत बरोबर आहे.

काही जण ट्रेलर मागून डुलतो म्हणून हा हिच घेतात. बैलगाडी उलाळ झाली, तर आपण जू आणखी आवळत नाही, आधी गाडीतला माल पुढे सरकवतो. येथेही टंग वेट ५ टक्क्यांच्या खाली असेल, तर विंच पोस्ट, म्हणजे बोटीचे नाक ज्याला टेकते तो खांब, पुढे घेऊन बोट पुढे आणावी. शिवाय बोटीची मागची कड बंकच्या, म्हणजे बोट ज्यांवर टेकते त्या लांब पट्ट्यांच्या, आधाराबाहेर लटकत नाही ना, हे पाहावे.

शेवटी रॅम्प, म्हणजे बोट पाण्यात उतरवण्याचा उतार. पाण्याकडे जाण्यापूर्वी, वरच्या सपाट जागेवर पट्टे सोडता आणि बोटीच्या तळाच्या छिद्राला प्लग लावता, त्याच वेळी दोन्ही बार काढून गाडीच्या बेडमध्ये ठेवा. गाडी सपाटीवर आणि ट्रेलर उतारावर असला की साखळ्या सैल पडून निसटू शकतात; उलट पार्किंगच्या तोंडाशी असलेल्या खोलगट नाल्यात बार अतोनात ताणले जातात आणि गाडीची मागची चाके उचलू लागतात. शेवाळलेल्या ओल्या रॅम्पवरून बोट वर खेचताना तर मागच्या चाकांवर मिळेल तितके वजन हवेच असते, आणि हा हिच तेच वजन काढून घेतो. बोट बाहेर काढून सपाटीवर आलात, पाणी निथळले, पट्टे आवळले, की बार पुन्हा त्याच कडीवर चढवा. ती कडी कोणती हे आठवत बसावे लागू नये म्हणून तिच्यावर रंगाचा एक ठिपका देऊन ठेवा.